केंद्राच्या पायरीवर सुपात सापडलेल्या मुलाबाबत

जबाब देणार : सौ. मृणालिनी रघुवीर वेलकर
वय : ४३ (हवालदारांनी अंदाजाने ५० लिहिले होते, ते माझ्यासमोर खोडले.)
धंदा : प्रमुख, बालकल्याण केंद्र, लालबाग
राहणार : ठाकूरद्वार, मुंबई
तारीख : १२ मार्च १९५६, सोमवार

कोणी न बोलावता स्वतः ठाण्यात बसून सांगते की, वरील पत्त्यावर मी पती व सासूबाई यांच्यासह राहते आणि गेली नऊ वर्षे सदर केंद्राचे काम पाहते. "काम पाहते" हे हवालदार कुशाबा पिसाळ यांचे शब्द आहेत. मी काम पाहत नाही, करते. पाहायला आमच्या महिला मंडळाच्या बाया महिन्यातून एकदा मोटारीतून येतात. गिरणीत जाणाऱ्या बायांची चाळीस मुले दिवसभर सांभाळणे, तान्ह्यांना दूध देणे, दर सोमवारी वजन करणे, देवी टोचून घेणे, आणि ज्याला कोणीच नाही अशा मुलाची पोलिसांना खबर देऊन सोय लावणे, ही केंद्राची कामे आहेत.

आज सकाळी मीच या ठाण्यात एका तान्ह्या मुलाची खबर दिली. तीत मी "टाकून दिलेले मूल" असे लिहिले आहे. ते चुकीचे आहे. ते शब्द तसेच राहिले, तर चार वाजताच्या गाडीने ते मूल अनाथालयात जाईल, त्याच्या आईवर मूल टाकल्याचा खटला होईल, आणि ते परत मिळवायला कोर्टाच्या किती पायऱ्या चढाव्या लागतील हे माझ्याइतके या ठाण्यात कोणाला माहीत नाही. सब-इन्स्पेक्टर श्री. शिर्के मला म्हणाले, "खबर दिलीत ना बाई, झालं की. आता कशाला परत जबाब?" पण जबाब लिहून घेतल्याशिवाय मी या खुर्चीवरून उठणार नाही असे मी त्यांना सांगितले. खुर्ची ठाण्यात एकच आहे, त्यामुळे ते तयार झाले.

घडले ते असे. सकाळी मी केंद्रावर पोचले तेव्हा आमच्या कमळाबाई दार उघडून बाहेरच उभ्या होत्या. म्हणाल्या, "बाई, पायरीवर सूप ठेवलंय कुणीतरी. सुपात बाळ हाय." सूप नवे कोरे होते. खाली जुन्या लुगड्याची मऊ घडी. मूल मुलगा असून दहा-बारा दिवसांचे, पोट भरलेले, गाढ झोपलेले. गालाला काजळाची ठसठशीत तीट. टाकून देणारी बाई कधी तीट लावून टाकत नाही, एवढी अक्कल मला तिथल्या तिथे सुचायला हवी होती. सुचली नाही.

समोर नळापाशी एक तरुण बाई उभी होती. कानाला फडके बांधलेले, चेहरा पांढराफटक, बाळंतीण आहे हे आंधळ्यालाही दिसावे. मी विचारले, "काय गं, हे कुणी ठेवलं, पाहिलंस का?" ती म्हणाली, "तुमच्या दारात गावला, म्हणजे तुमचाच ता." मी म्हटले, "माझं? बाई गं, या वयात?" कमळाबाईंना हसू आवरेना. ती बाई मात्र हसली नाही. रस्त्याच्या टोकाकडे बघत राहिली, जणू कोणाची तरी वाट बघत असावी.

माझ्या हाताखालचे लोक म्हणतात की बाईंना कामाचा उरक भारी. तो उरक आज नडला. तुरत दान महापुण्य या न्यायाने मी लगोलग खबर लिहिली, कमळाबाईंच्या हाती इतर मुले सोपवली आणि सूप छातीशी धरून इथे आले. ती बाई माझ्या मागोमाग आली. मी थांबले की ती थांबे. लालबागेत कशालाही बघे जमतात, त्यातलीच एक समजून मी तिच्याकडे लक्ष दिले नाही.

ठाण्यात पाय ठेवायला जागा नव्हती. जमावबंदी मोडून निघालेल्या बायांच्या मोर्च्यातल्या वीस-पंचवीस जणी धरून आणून आतल्या कोठडीत घातलेल्या होत्या आणि त्या "मुंबईसह संयुक्त महाराष्ट्र झालाच पाहिजे" म्हणून गजांवर हातातल्या बांगड्या आपटत होत्या. आधीच उल्हास, त्यात फाल्गुन मास. तरी शिपायांनी त्यांना पाणी नेऊन दिले हे मी पाहिले. बाहेर उभे असलेले शिपाईही मनातून तीच घोषणा देत असावेत असे मला वाटले. हवालदार पिसाळ म्हणतात की हे वाक्य लिहिता येणार नाही. मी म्हटले, नका लिहू. त्यांनी लिहिलेले आहे.

श्री. शिर्के यांनी खबर घेतली. त्या गडबडीत मूल जागे झाले आणि रडू लागले. ती मागून आलेली बाई दाराशी उभी होती. मूल रडले तशी तिची चोळी समोरून भिजली. हवालदारांना हे लिहायला संकोच वाटतो आहे. पुरुषांना नेमका खऱ्या गोष्टींचाच संकोच वाटतो. लिहा.

श्री. शिर्के यांच्याही ते लक्षात आले. त्यांनी तिला पुढे बोलावले. तिने नाव सांगितले, सुभद्रा गणपत घाडी, नवरा गिरणीत साच्यावर, राहणार जवळच्याच चाळीत, मूळ गाव कणकवलीकडचे. पुढील सवालजवाब माझ्यासमोर झाले.

"हे मूल कोणाचं?"

"बाईंचा."

"कुठल्या बाईंचं?"

तिने माझ्याकडे बोट केले. श्री. शिर्के यांनी माझ्याकडे पाहिले, मी त्यांच्याकडे पाहिले.

"तुझं नाही?"

"नाय."

"शपथेवर सांग. तुझं नाही?"

तिने मान हलवली. डोळ्यांतून धारा चालल्या होत्या, आणि मान "नाही" म्हणूनच हलत होती. श्री. शिर्के मला म्हणाले, "बघा बाई, आई समोर उभी राहून नाकारतेय. मी तरी काय करू? गाडी चारला आहे." माणूस वाईट नाही. पण "नाही" म्हटलेले त्यांना लगेच लिहिता येते, आणि चोळी भिजलेली लिहायला रकाना नाही.

मी तिला बाजूला घेतले. "नवऱ्याने टाकलंय का? कोणी धमकी दिलीय का? सासू छळते का?" असे नेहमीचे प्रश्न विचारले. सासू म्हटल्याबरोबर ती कोठडीकडे बघू लागली. आणि त्याच वेळी कोठडीतून, सगळ्या घोषणांच्या वर, एक आवाज आला :

"गे सुभद्रा! बोला नको! तीन गेली, ह्या चवथा! तोंडातसून 'माझा' म्हणान भायर काढू नको!"

हा आवाज मी ओळखला. जाईबाई घाडी. केंद्राच्या हळदीकुंकवाला दरवर्षी येतात, पुढच्या रांगेत बसतात, आणि मी अंगारे-धुपारे, दृष्ट, उतारा यांच्या विरुद्ध बोलते तेव्हा सगळ्यांत जोरात मान डोलावतात. मला नऊ वर्षे वाटत होते की निदान ही एक बाई तरी माझे ऐकते.

मी कोठडीच्या गजापाशी गेले. तिथे कळले ते असे. सुभद्राची तीन मुले झाली आणि तिन्ही पाळण्यातच गेली. कोकणात काय, घाटावर काय, ज्या घरात मुले जगत नाहीत तिथे नवे मूल बारशाच्या आधी परक्या बाईच्या दारात सुपात ठेवतात. त्या बाईने ते उचलायचे, म्हणजे ते तिचे झाले. मग घरातल्या थोरल्या बाईने जाऊन ते कोंडा देऊन विकत घ्यायचे. जे मूल आपले नाहीच, कोंड्याच्या भावाने घेतलेले आहे, त्याच्याकडे मरण कशाला बघेल? आणि सौदा होईपर्यंत आईने चुकूनही ते माझे म्हणायचे नाही. म्हटले की संपले. हे सगळे मी पुस्तकात वाचलेले आहे. पुस्तकात वाचलेले आपल्या पायरीवर येऊन झोपले तर ओळखू येत नाही.

आजचा बेत असा होता, की सुभद्राने मूल ठेवायचे, मी उचलायचे, आणि पाठोपाठ जाईबाईंनी कोंडा घेऊन यायचे. चहा उकळायला लागतो तेवढ्यात काम झाले असते. पण भाताचा ताजा कोंडा आणायला जाईबाई पहाटे कॉटन ग्रीनच्या गोदामाकडे गेल्या आणि येताना मोर्च्यात सापडल्या. पोलिसांनी सगळ्यांबरोबर त्यांनाही गाडीत घातले. "मी मोर्च्यातली नाही, नातवाचा सौदा करायला चालले आहे," असे त्यांनी सांगून पाहिले. ते कोणी मानले नाही, आणि खरे सांगायचे तर मीही मानले नसते. गाडीत बसल्यावर मात्र, धरलेच आहे तर गप्प का बसा म्हणून, त्याही घोषणा देऊ लागल्या.

मी विचारले, "अहो जाईबाई, सगळ्या लालबागेत तुम्हाला माझंच दार सापडलं? मला स्वतःला मूल नाही, हे तुम्हाला माहीत आहे. लेकुरवाळीचं दार बघायचं."

त्या म्हणाल्या, "तुमका पोर नाय? मगे ती चाळीस खयची?"

मग त्या आवाज खाली आणून म्हणाल्या, "बायनू, तुमच्या दारातली पोरां जगतत. आमच्या दारातली जगणत नाय. म्हणान तुमच्या दारात ठेवला."

यावर हवालदारांनी "सदर बाई गहिवरल्या" असे लिहिले होते ते मी खोडायला लावले. गहिवरायला वेळ नव्हता. पण एक गोष्ट मला लिहून हवी आहे. सुभद्राची ती तीन मुले आमच्या केंद्रापासून दोन गल्ल्यांवर गेली आणि मला पत्ता नाही. मी हळदीकुंकवाला तिच्या सासूला उपदेश केला, आणि घरात सुनेच्या कुशीत काय चालले आहे हे विचारले नाही. याचे मला फार वाईट वाटते.

मी श्री. शिर्के यांच्याकडे जाऊन सर्व सांगितले. मूल टाकणारी बाई तीट लावत नाही, पोट भरून निजवत नाही, आणि पोलीस ठाण्यापर्यंत पाठोपाठ चालत येत नाही. तिने मूल जाणत्या माणसाच्या हाती जाईल असे ठेवले आणि क्षणभर नजरेआड केले नाही. यात टाकणे कुठे आले? श्री. शिर्के म्हणाले, "पटतंय हो. पण कागदावर कोणीतरी म्हणायला हवं ना, मूल हिचं आहे म्हणून."

जाईबाईंना कोठडीतून टेबलापाशी आणले. त्यांना विचारले, मूल कोणाच्या पोटचे? त्या म्हणाल्या, "माझ्या सुनेच्या पोटचा. पण आमचा न्हय." श्री. शिर्के यांनी पहिले वाक्य लिहून घेतले आणि दुसऱ्याच्या वेळी त्यांना शिंक आली.

आता घोडे पेंड खाऊ लागले ते कोंड्यापाशी. जाईबाईंच्या ओटीत बांधलेला कोंडा सकाळीच जप्त झाला होता. "पोलिसांच्या डोळ्यांत फेकण्याच्या इराद्याने बाळगलेली भुकटी" म्हणून त्याचा पंचनामा झाला होता आणि पुडीला लाख लावून ती कपाटात ठेवली होती. मी म्हटले, "साहेब, तो कोंडा आहे. भाताचा." ते म्हणाले, "असेल. पण मुद्देमाल आहे. कोर्टाच्या हुकमाशिवाय सोडता येत नाही." जाईबाई म्हणाल्या, "दुसरो कोंडो चलत नाय. ह्याच्या नावान बांधल्लो ह्योच व्हयो." आणि मूल एव्हाना रडून रडून लाल झाले होते. सुभद्रा हात पाठीमागे बांधून उभी होती, चुकून हात लागेल म्हणून. मला तर वाटले आता हीच कोसळते.

इथे हवालदार पिसाळ यांनी चांगले काम केले. स्वतःविषयी लिहायला ते तयार नाहीत, पण मी सांगते ते त्यांना लिहिणे भाग आहे. ते म्हणाले, "साहेब, मुद्देमालाची तपासणी करायला हवी. घातक आहे का नाही, बघायला नको?" श्री. शिर्के खिडकीबाहेर बघू लागले. हवालदारांनी पुडी फोडली, चिमूटभर जिभेवर टाकून चघळली, आणि म्हणाले, "कोंडाच हाय. आमच्याकडं बी असंच करत्यात. थोरल्याला माझ्या केरात ठेवला हुता." मग सर्व मुद्देमाल त्यांनी बारीक तपासणीसाठी सुपात ओतला. मूल त्याआधी मी उचलून घेतले होते.

जाईबाईंनी सूप माझ्यापुढे धरले. मी पदर पसरला आणि कोंडा घेतला. या ठाण्यात आजवर बरेच देणेघेणे झाले असेल, इतके उघडपणे पहिलेच. (हे श्री. शिर्के यांनी ऐकले आणि लिहायला हरकत घेतली नाही.) कोठडीतल्या बाया घोषणा थांबवून गजांना नाक लावून बघत होत्या. सदर मुद्देमाल सध्या माझ्या पदरात आहे. कोर्टाने मागितल्यास हजर करीन, तोवर तो कोंबड्यांना घालू नये ही श्री. शिर्के यांची सूचना मला मान्य आहे.

मग जाईबाई म्हणाल्या, "आता म्हणा, बायनू. 'ह्या पोर माझा. तू नुसता वाढय.'"

मी बी.ए. झालेली बाई आहे. अंधश्रद्धेवर माझी भाषणे छापून आलेली आहेत. मी ते पोर दोन्ही हातांनी छातीशी धरले होते आणि ते माझ्या खांद्यावर तोंड घासून दूध शोधत होते. मी म्हटले, "सुभद्रा, हे पोर माझं आहे. तू सांभाळ." पोर तिच्या हातात देताना मला क्षणभर ते सोडवेना, हे मात्र खरे आहे.

सुभद्रा बाकावर बसली आणि भिंतीकडे तोंड करून त्याला पाजू लागली. ठाण्यातल्या सर्वांनी एकदम आपापल्या कामाचे कागद शोधायला घेतले.

मी एक अट घातली. दर सोमवारी मूल वजनाला आणायचे, देवी टोचायच्या, आणि आजारी पडले तर आधी केंद्रावर, मग देवऋष्याकडे. जाईबाई म्हणाल्या, "तुमचाच पोर. तुमका काय करूचा ता करा." या वाक्याचा मी पुरेपूर फायदा घेणार आहे. नाव काय लावायचे असे हवालदारांनी विचारले तेव्हा त्या म्हणाल्या, "कोंडू." पोलिसी कागदाला ते लहान पडते म्हणून "कोंडीराम गणपत घाडी" असे लिहिले आहे. आधीच्या मजकुरात त्याचा उल्लेख "सदर इसम" असा केला होता, तो मी काढायला लावला.

श्री. शिर्के यांनी जाईबाईंना म्हटले, "आजी, तुम्ही मोर्च्यातल्या नव्हतात हे कळलं. जा घरी सुनेबरोबर." जाईबाईंनी पदर खोचला. "मी सवदो करूक भायर इलंय, सुटूक नाय. आता घराक गेलंय तर ह्यो बायो म्हणतले, म्हातारी माफी मागून सुटली." आणि त्या आपल्या पायांनी कोठडीत परत गेल्या. दार त्यांनीच ओढून घेतले. नातवाचे बारसे सुटून आल्यावर करायचे ठरले आहे.

तरी माझी सकाळची खबर रद्द समजावी. सदर मूल कोणीही टाकलेले नाही. सुभद्रा गणपत घाडी हिच्याविरुद्ध माझी काहीही तक्रार नाही, आणि तिला पुन्हा कोणीही ठाण्यात "मूल कोणाचे" म्हणून विचारू नये. ती "बाईंचं" असेच सांगेल, आणि तिने तसेच सांगावे. कोणाला विचारायचेच असेल तर मला विचारावे. सदर मूल माझे आहे. सांभाळण्यासाठी ते मी तिच्याकडे दिले आहे.

श्री. शिर्के यांनी मला बजावले की जबाबात खोटे सांगणे हा गुन्हा आहे. मी म्हटले, मला ते माहीत आहे, आणि कोठडीत जाईबाईंच्या शेजारी एका माणसाची जागा निघेल.

वरचे सर्व हवालदार पिसाळ यांनी मोठ्याने वाचून दाखवले. माझ्यासकट कोठडीतल्या बायांनीही ते ऐकले, आणि कोणाचीच हरकत निघाली नाही. सांगितल्याप्रमाणे उतरले आहे. "सदर मूल माझे आहे" या वाक्यापाशी हवालदार थांबले आणि चष्म्यावरून बघत म्हणाले, "बाई, गाडी तर आता रिकामी गेली. काम झालं. हे एवढं खोडू का?"

खोडू नये.

(सही) मृणालिनी रघुवीर वेलकर